ध्वजदिनाचा पैसा नेमका कुणाचा?

डिसेंबर उजाडला की शाळेत, बँकेत, तहसील कचेरीत छोटे कागदी ध्वज येतात. तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा हे त्यातले तीन पट्टे भूदल, नौदल आणि हवाई दलाचे. आपण दहा-वीस रुपये देतो, ध्वज खिशाला टाचतो आणि कामाला लागतो. जिल्हाधिकारी कार्यालय खात्यांना इष्टांक ठरवून देते, तो पुरा झाल्याची बातमी छापून येते, इष्टांक ओलांडणाऱ्या अधिकाऱ्यांचा सत्कारही होतो. हा पैसा पुढे कुणाच्या हाती पडतो, याची चौकशी मात्र फारसे कुणी करत नाही. ‘सैनिकांना जातो’ एवढ्यावर आपले समाधान होते.

पण सैनिक म्हणजे कोण? पंधरा वर्षे काढून पेन्शनवर आलेला हवालदार? सहा-सात वर्षांत घरी परतलेला, पेन्शन नसलेला जवान? त्याची विधवा? सीमेवर त्याच्याच शेजारी उभा असलेला सीमा सुरक्षा दलाचा शिपाई? चार वर्षांनी गावी येणारा अग्निवीर? या प्रत्येकाबद्दल नियम आहे. तो नियम ठाऊक नसल्यामुळे हक्काच्या मदतीला मुकलेली घरे आपल्याकडे गावोगाव सापडतील. सैन्यात माणसे पाठवण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले साताऱ्यातील अपशिंगे आजही ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखले जाते. म्हणूनच या नियमांची माहिती आपल्या घराघरांत असायला हवी.

पैसा तीन जागचा

सैनिकांसाठीचा पैसा एका जागचा नसतो. तो तीन ठिकाणांहून येतो आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा आहे.

पहिला सरकारी तिजोरीचा. पगार, पेन्शन, कुटुंब निवृत्तिवेतन, जखमी सैनिकाचे अपंगत्व निवृत्तिवेतन हे सगळे त्यातून मिळते. हा हक्क आहे. तो नाकारला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणात दाद मागता येते.

दुसरा पलटणीचा, म्हणजे रेजिमेंटल फंड. युनिटच्या कॅन्टीनमधली बचत, जवानांची वर्गणी अशा गोष्टींतून तो उभा राहतो. खेळाचे सामान, बडा खाना, एखाद्या जवानाच्या घरी आलेले अचानक संकट, यासाठी कमांडिंग ऑफिसर तो नियमांच्या चौकटीत खर्च करतो. कायद्याने हा ‘पब्लिक फंड’ नाही. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने आर. आर. पिल्लई प्रकरणात हेच अधोरेखित केले. युनिटने चालवलेल्या कॅन्टीनचा खर्च सार्वजनिक निधीतून भागत नाही, म्हणून तिथले कर्मचारी सरकारी नोकर ठरत नाहीत, असे न्यायालयाने सांगितले आणि २००१ चा आपलाच उलटा निकाल बाजूला सारला. मुंबईत मुख्यालय असलेला कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट सरकारी आहे, पण त्याच्याकडून माल घेऊन विकणारी युनिटची कॅन्टीन मात्र पलटणीची. या एका फरकामुळे आयुष्यभर काउंटर सांभाळलेली माणसे सरकारी नोकरीच्या लाभांबाहेर राहिली. निधीच्या व्याख्येने किती उंबरठे ठरतात, हे यावरून दिसते.

तिसरा पैसा जनतेचा, आणि आपला ध्वज याच खात्यात जमा होतो. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरवला. पुढे युद्धग्रस्तांसाठी, अंध सैनिकांसाठी, गोरखा माजी सैनिकांसाठी असे वेगवेगळे निधी उभे राहिले. १९९३ मध्ये ते एकत्र करून ‘सशस्त्र सेना ध्वजदिन निधी’ स्थापन झाला. केंद्रात संरक्षणमंत्री व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष असतात आणि कारभार केंद्रीय सैनिक बोर्ड पाहते. राज्यात पुण्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या हाताखाली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत. देणगीला आयकरात सूट मिळते आणि कंपन्यांना सामाजिक दायित्वाचा पैसाही इथे देता येतो.

पेन्शन हा हक्क असतो. ध्वजदिन निधीतून मिळते ते अनुदान, म्हणजे निधीच्या कुवतीनुसार आणि पात्रता तपासून दिलेली मदत. त्यामुळे इथे पात्रतेच्या एकेका शब्दाला फार वजन येते.

माजी सैनिक कुणाला म्हणायचे?

गावात ज्याने गणवेश घातला तो फौजी. कागदावर तसे नाही. केंद्र सरकारच्या व्याख्येत सैन्यातून केव्हा आणि कसे बाहेर पडलात याला महत्त्व आहे आणि तारखेनुसार अटी बदलत गेल्या आहेत. १ जुलै १९८७ नंतर बाहेर पडलेल्यांसाठी मोठे दरवाजे असे: पेन्शन मिळवून निवृत्त झालेला, लष्करी सेवेमुळे आलेल्या आजाराने किंवा अपंगत्वाने वैद्यकीय कारणावरून पेन्शनसह घरी पाठवलेला, कपातीत कमी केलेला, किंवा ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटीसह बाहेर पडलेला. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच नोकरी सोडणाऱ्याला हे दरवाजे सहसा बंद असतात. शिस्तभंगामुळे किंवा अकार्यक्षमतेमुळे बडतर्फ झालेल्याला ते पूर्णच बंद.

यात एक मोठा गट लोकांच्या नजरेतून सुटतो. तो म्हणजे पेन्शन नसलेला माजी सैनिक. जवानाला पेन्शनसाठी १५ वर्षांची सेवा लागते. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्य झपाट्याने वाढवले गेले आणि १९६५, १९७१ च्या युद्धांत लढलेले अनेक जण पंधरा वर्षे भरण्याआधीच परत आले. ते माजी सैनिक ठरले, पण दरमहा काहीच हाती येत नाही. त्यांची पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे आणि त्यांच्या पत्नी अनेकदा एकट्या आहेत. ध्वजदिन निधीचा सगळ्यात खरा हकदार हाच वर्ग आहे.

व्याख्येबाहेर राहणाऱ्यांत केंद्रीय सशस्त्र पोलीस दले येतात. सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी ही गृह मंत्रालयाची दले आहेत. छत्तीसगडच्या जंगलात पाय गमावलेला सीआरपीएफचा जवान ‘माजी सैनिक’ नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये गृह मंत्रालयाने या दलांच्या निवृत्तांसाठी वेगळी ओळख मान्य केली आणि त्यांचे कल्याणकारी निधी व कॅन्टीनही स्वतंत्र आहेत. जून २०२० मध्ये कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत बदल करून या दलांच्या माजी जवानांसाठी केलेला खर्चही सामाजिक दायित्वात धरला जाऊ लागला. दान देणाऱ्याला दोघेही सारखेच वाटतात, पण पेटी वेगळी आहे. चकमकीच्या बातमीने हेलावून पैसे द्यायचे असतील, तर आपण कुठल्या दलाच्या निधीला देत आहोत हे पाहून द्यावे. गृह मंत्रालयाचे ‘भारत के वीर’ या दलांसाठी आहे, ध्वजदिन निधी तीन सेनादलांसाठी.

कुणाला, किती, कोणत्या अटीवर

ध्वजदिन निधीचाच एक भाग म्हणजे संरक्षणमंत्री माजी सैनिक कल्याण निधी. त्यातल्या प्रमुख अनुदानांची रक्कम ऑक्टोबर २०२५ मध्ये दुप्पट झाली आणि १ नोव्हेंबरपासूनच्या अर्जांना ती लागू झाली. या वाढीचा वर्षाचा भार सुमारे २५७ कोटी रुपये आहे.

निर्वाह अनुदान दरमहा ४,००० वरून ८,००० झाले. ते ६५ वर्षांवरील, पेन्शन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना तहहयात मिळते. शिक्षण अनुदान एका मुलामागे दरमहा १,००० वरून २,००० झाले. पहिलीपासून पदवीपर्यंत, जास्तीत जास्त दोन मुलांसाठी ते मिळते. विधवेने स्वतः दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण घेतले तर तिलाही मिळते. विवाह अनुदान ५०,००० वरून १ लाख झाले. ते दोन मुलींच्या लग्नासाठी आहे आणि विधवेच्या पुनर्विवाहासाठीही. विधवेने शिकावे, पुन्हा संसार मांडावा, याला सैनिकी निधी पैसे देतो, ही बाब गावात मोठ्याने सांगण्यासारखी आहे. अशी मदत मिळते हेच ठाऊक नसल्याने किती सासर-माहेरच्यांनी हा विचार मनातच दाबला असेल!

या अनुदानांची सामाईक अट हुद्द्याची आहे. हवालदार किंवा नौदलातील पेटी ऑफिसर, हवाई दलातील सार्जंट या समकक्ष पदापर्यंतच ती मिळतात. नायब सुभेदाराच्या घरी कितीही अडचण असली तरी ही दारे उघडत नाहीत. हुद्दा हा इथे गरिबीचा अंदाज बांधण्याचा मार्ग आहे. प्रत्येक घराचे उत्पन्न तपासणे किचकट, हुद्दा मात्र डिस्चार्ज बुकात एका ओळीत सापडतो. हे सोयीचे आहे आणि बहुतेक वेळा बरोबरही ठरते. पण हुद्द्याच्या आड उत्पन्न दडते. बँकेत दुसरी नोकरी लागलेला हवालदार आत आणि कर्करोगाने गेलेल्या सुभेदाराची कर्जबाजारी विधवा बाहेर, असे त्यातून घडू शकते.

व्यावसायिक शिक्षणासाठी आणखी एक दार आहे. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजना १९६२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संरक्षण निधीतून चालते. चीनबरोबरच्या त्या युद्धाच्या काळात देशभरातल्या बायकांनी अंगावरचे दागिने याच निधीत टाकले होते. आज त्यातून माजी सैनिकांच्या मुलांना दरमहा २,५०० आणि मुलींना ३,००० रुपये मिळतात. बारावीला किमान ६० टक्के गुण लागतात आणि पहिल्याच वर्षी अर्ज करावा लागतो. दुसऱ्या वर्षी जाग आली तर उपयोग नाही.

संस्थांनाही पैसा जातो. पुण्याजवळ खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे. पाठीच्या कण्याला इजा होऊन चाकाच्या खुर्चीला खिळलेले सैनिक तिथे राहतात, काम शिकतात, खेळतात. या केंद्राला ध्वजदिन निधीतून अनुदान मिळते. आपल्या दहा रुपयांचे काय होते, हे कुणाला डोळ्यांनी पाहायचे असेल तर त्याने खडकीला जावे.

नावातला ‘न’ आणि १ जून

नियम कागदावर स्वच्छ दिसतो, अडतो तो कचेरीतल्या टेबलावर. समजा, सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावची एक आजी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात आली. नवरा १९७१ च्या युद्धात होता, आठ वर्षांत परत आला, पेन्शन नव्हती, दहा वर्षांपूर्वी वारला. तिच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले डिस्चार्ज बुक आहे. निर्वाह अनुदान मिळायला तिच्याइतके पात्र कोण?

लिपिक डिस्चार्ज बुकातले कुटुंबाचे पान उघडतो. तिथे पत्नीचे नाव ‘तानूबाई’. आधार कार्डावर ‘ताराबाई’. लग्नात सासरी नाव बदलले, नवऱ्याने मात्र पलटणीत सांगताना माहेरचे नाव सांगितले. जन्मतारीख आधारवर १ जून, कारण शाळेत घालताना किंवा कार्ड काढताना बहुतेकांची तीच लिहिली जाते. साल चार वर्षांनी पुढे. म्हणजे कागदावर तिचे ६५ पूर्ण व्हायला अजून अवकाश! मुलांची तर डिस्चार्ज बुकात नोंदच नाही, कारण ती नवरा घरी आल्यावर झाली. ही नोंद ज्या ‘पार्ट टू ऑर्डर’ने होते, ती पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडून करून आणायची. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महारचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला. कुणाला प्रतिज्ञापत्र लागते, कुणाला राजपत्र, कुणाला ग्रामपंचायतीचा दाखला. मुलगा मुंबईला, एसटीचे दोन बदल, दर खेपेला एक दिवस मोडतो. तिसऱ्या खेपेनंतर ती येत नाही.

इथे लिपिकाला दोष देऊन चालणार नाही. निधी देणगीचा आहे. नोंद न पाहता पैसे दिले तर उद्या बोगस विधवा उभ्या राहतील आणि लेखापरीक्षणात त्याचीच मान अडकेल. पण सत्य हेही आहे की ज्यांच्यासाठी हा निधी आहे, त्यांचीच कागदपत्रे सगळ्यात कच्ची असतात. पंधरा वर्षे नोकरी केलेल्याचे कुटुंब पेन्शनच्या निमित्ताने रेकॉर्ड ऑफिसशी जोडलेले राहते. पेन्शन नसलेल्याचा धागा डिस्चार्जच्या दिवशीच तुटतो.

म्हणून प्रत्येक माजी सैनिकाने हयात असतानाच चार गोष्टी उरकाव्यात: पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार, बँक आणि डिस्चार्ज बुक यांत एकसारखी करून घ्यावी, मुलांची पार्ट टू ऑर्डर करावी, माजी सैनिक ओळखपत्र काढावे आणि पत्नीसह संयुक्त खाते ठेवावे. मुलीच्या लग्नानंतर १८० दिवसांत अर्ज व्हायला हवा, हेही घरात सगळ्यांना ठाऊक असावे. लग्नाच्या धामधुमीत सहा महिने कसे जातात ते कळत नाही.

रणात पडलेला आणि रजेवर गेलेला

मृत्यूच्या बाबतीत नियम आणखी काटेकोर आहेत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सियाचिनमध्ये हिमस्खलनात दहा जवान गाडले गेले. लोकांनी पैसे पाठवायला सुरुवात केली आणि त्यातून युद्धातील हानीग्रस्तांसाठी वेगळा कल्याण निधी उभा राहिला. त्यातून शहीद जवानाच्या कुटुंबाला सुरुवातीला २ लाख मिळत, २०१९ मध्ये ती रक्कम ८ लाख करण्यात आली. हा निधी ‘बॅटल कॅज्युअल्टी’ ठरलेल्यांसाठीच आहे. लष्करी कारवाईत मृत्यू आला की कुटुंब पात्र ठरते. तोच जवान रजेवर घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला तर या निधीतून काही मिळत नाही. घरातली पोकळी दोन्हीकडे सारखीच असते, पण देणगीदाराने पैसे दिले ते रणात पडलेल्यासाठी. त्याचा शब्द पाळायचा तर ही रेषा आखावी लागते. अपघातात गेलेल्याच्या घराची जबाबदारी मग पेन्शन, विमा आणि ध्वजदिन निधीने घ्यायची असते.

दुसरा अवघड प्रश्न पत्नी की आई-वडील हा. लग्न झालेल्या जवानाची निकटतम वारस पत्नी धरली जाते. म्हातारे आई-बाप रिकाम्या हाताने राहिले अशी तक्रार २०२४ मध्ये देशभर गाजली. उत्तर प्रदेश सरकारने आपल्या ५० लाखांच्या मदतीत ३५ लाख पत्नीला आणि १५ लाख आई-वडिलांना दिले. तरुण विधवेच्या हातचे न काढता अवलंबून असलेल्या पालकांचा ठरावीक वाटा असावा, हा मार्ग इतरांनी घ्यावा असा आहे. त्याबरोबरच विम्याच्या नामनिर्देशनात जवानाने स्वतः वाटे लिहून ठेवावेत. त्याने लिहिले तर घरात भांडण होत नाही.

अग्निवीर कोणत्या बाजूला?

आता या सगळ्या नियमांची कसोटी जवळ आली आहे. २०२२ च्या अग्निपथ योजनेतली पहिली तुकडी २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस प्रशिक्षणाला दाखल झाली. चार वर्षांनी त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना सैन्यात कायम केले जाईल, बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवा निधी घेऊन घरी येतील. योजनेच्या अटींत स्पष्ट लिहिले आहे: पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, कॅन्टीन नाही, माजी सैनिकांची आरोग्य योजना नाही.

मरण आले तर चित्र वेगळे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातला एक अग्निवीर सियाचिनमध्ये कर्तव्यावर असताना गेला. सेनेने तेव्हा जाहीर केले की कुटुंबाला ४८ लाखांचा विमा, ४४ लाखांचे सानुग्रह अनुदान, सेवा निधीतला वाटा, उरलेल्या मुदतीचा पगार आणि युद्धहानी कल्याण निधीतून ८ लाख मिळतील. म्हणजे जनतेच्या देणगीवर उभ्या असलेल्या निधीने अग्निवीराला पूर्ण सैनिक मानले, पण तो मेल्यावर. तोच मुलगा चार वर्षांनी धडधाकट परत आला असता तर ध्वजदिन निधीच्या दृष्टीने तो कुणीच नसता.

हा विरोधाभास व्याख्येतल्या एका अटीवर टेकलेला आहे. शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा अधिकारी ठरलेली मुदत संपवून पेन्शनशिवाय बाहेर पडतो, तरी तो माजी सैनिक ठरतो, कारण त्याला ग्रॅच्युइटी मिळते. अग्निवीरही ठरलेली मुदत पूर्ण करतो, स्वतः सोडून जात नाही, बडतर्फ होत नाही. फरक ग्रॅच्युइटीचा. अग्निवीर तेविसाव्या-पंचविसाव्या वर्षी परत येईल, त्याला निर्वाह अनुदान नको आहे. पण चाळीस वर्षांनी तो ६५ चा होईल तेव्हा काय? १९७१ च्या पिढीतला पेन्शन नसलेला सैनिक आज ज्या जागी उभा आहे, नेमक्या त्याच जागी तो उभा असेल. फरक एवढाच की आजच्या म्हाताऱ्याला अर्ज तरी करता येतो.

अग्निवीराला माजी सैनिकाचे सगळे लाभ द्यावेत का, हा खर्चाचा आणि धोरणाचा मोठा प्रश्न आहे. ध्वजदिन निधीचे मात्र तसे नाही. तो जनतेचा पैसा आहे आणि देणारा ज्याने गणवेश घातला त्याच्यासाठी देतो. या निधीपुरती पात्रता व्याख्येपासून वेगळी करून, इमानदारीने मुदत पूर्ण केलेल्या प्रत्येक गरजू सैनिकाला शिक्षण, आजारपण आणि वृद्धापकाळ यांसाठी दार उघडता येईल. पहिली तुकडी घरी यायच्या आत हे ठरवायला हवे.

त्याबरोबर आणखी दोन गोष्टी करायला हव्यात. रकमा दुप्पट झाल्या, पण माणसे शोधण्याचे काम दुप्पट झालेले नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने अर्जाची वाट न पाहता गावोगावच्या पेन्शन नसलेल्या फौजींची यादी ग्रामपंचायतीकडून मागवावी आणि रेकॉर्ड ऑफिसबरोबर तालुक्याला शिबिर घेऊन नावांची दुरुस्ती एका दिवसात करून द्यावी. ध्वजदिनाच्या अहवालात गोळा झालेल्या रकमेशेजारी आणखी एक आकडा दरवर्षी छापावा: या जिल्ह्यात पात्र किती होते आणि मदत किती जणांपर्यंत पोहोचली. इष्टांक फक्त पैसे गोळा करण्यालाच कशाला हवा? तो पोहोचवण्यालाही लावला, तर पुढच्या ७ डिसेंबरला पेटीत नोट टाकणाऱ्या प्रत्येकाला ‘हा पैसा कुणाचा?’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यापुरते तरी नावानिशी देता येईल.